दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला घेताना

ताई, तुमचे प्रश्न तीन. फॉस्टर केअरमध्ये (म्हणजे दुसऱ्याचं मूल काही काळ आपल्या घरी सांभाळायला घेणं) आणलेलं मूल पुढं आपलंच होतं का, कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात राहून अर्ज कुठं करायचा, आणि अकरा वर्षांचा स्वतःचा मुलगा असताना हे झेपेल का.

पहिल्याचं उत्तर आधी, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. आपोआप होत नाही. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ४४ खाली मूल तुमच्याकडं राहतं, जेवणखाण, शाळा, दवाखाना तुमच्या अंगावर. पण त्याचं नाव-आडनाव बदलत नाही आणि जन्मदात्यांशी त्याचं नातं तुटत नाही. त्यांना ठरावीक काळानं भेटायचा हक्क असतो (बाल कल्याण समितीनं, म्हणजे अशा मुलांबद्दल आदेश देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीनं, मुलाच्या हितासाठी थांबवला नसेल तर), आणि घर सावरलं की मूल परत जातं. अल्पकालीन आदेश एक वर्षापर्यंतचा, दीर्घकालीन अठरा पूर्ण होईपर्यंत वाढू शकतो. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी दोन वर्षं सांभाळल्यावर दत्तकाची वाट मोकळी केली आहे, आधी ही अट पाच वर्षांची होती. पण त्यासाठी समितीनं मूल दत्तकासाठी कायदेशीर मुक्त ठरवलेलं असावं लागतं. दत्तकाची रांग लांब म्हणून मधली वाट धरायची असेल तर कृपा करून अर्ज करू नका. त्यात तुमचं मन मोडतं, आणि मुलाचं आणखी एकदा मोडतं.

अर्ज. नोंदणी काराच्या (CARA, दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर ऑनलाइन होते, पण नोंदणी करून घरी बसून चालत नाही. बेळगावातल्या जिल्हा बाल संरक्षण घटकात जा (कन्नडमध्ये विचारताना 'मक्कळ रक्षणा घटक' म्हणा) आणि संस्थाबाह्य काळजी (संस्थेऐवजी घरात होणारा मुलांचा सांभाळ) बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा. मुलं साधारण सहा वर्षांच्या वरची, बालमंदिरात (इथं बालगृहाला असं म्हणतात) राहणारी असतात. तान्हं बाळ मिळेल ही आशा ठेवू नका. जोडप्याचं लग्न स्थिर असून दोन वर्षं झालेली हवीत. एकट्या बाईलाही मूल मिळतं; एकट्या पुरुषाला फक्त मुलगा.

कागद नेहमीचेच: ओळख, पत्ता, विवाह नोंदणी, उत्पन्न, वैद्यकीय दाखले, पोलीस पडताळणी. आपल्याकडं गाडी अडते ती नावांवर. आधारवर एक स्पेलिंग, कन्नड रेशनकार्डावर दुसरं, माहेरच्या मराठी शाळेच्या दाखल्यावर तिसरं. हे आधी एकसारखं करून घ्या. मग अधिकारी घरी येतात आणि गृह अध्ययन अहवाल करतात, तो नमुना ३०. त्यात नवरा-बायको दोघांशी बोलणं होतं. मालक नोकरीला गोव्यात आणि घरी फक्त शनिवार-रविवार असं असेल तर ते लपवू नका, रोज मुलाजवळ कोण असेल तेवढं स्पष्ट सांगा. समितीचा आदेश नमुना ३२ मध्ये, तुमचं हमीपत्र ३३ मध्ये. हमीपत्र कन्नडमध्ये पुढं आलं तर ओळ न् ओळ वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. त्यानंतर दर महिन्याला तपासणी असते. काहींना तो अपमान वाटतो. वाटून घेऊ नये, मुलाच्या अडचणी सांगायची तीच जागा आहे.

सीमेवरच्या दोन गोष्टी. चंदगड-कोल्हापूरचे पाहुणे तुम्हाला 'बाल संगोपन योजना' सांगतील. ती महाराष्ट्र शासनाची, तुम्हाला लागू नाही. इथं मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेतून मुलामागं महिन्याला ४००० रुपये आहेत, पण ते वेळेवर येतीलच असं धरून महिन्याचा हिशेब मांडू नका. दुसरं, ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातलं, पलीकडच्या जिल्ह्यातलं मूल इथं सापडलं तर कलम ९५ प्रमाणं त्याला त्याच्या जिल्ह्याच्या समितीकडं पाठवता येतं. तेव्हा मूल बघून ठेवून मागायला जाऊ नका. आणि दवाखान्यातून किंवा ओळखीतून परस्पर अनाथ लेकरू उचलून आणणं हा कलम ८० खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आता घरातलं. पहिले काही दिवस मूल फार शहाण्यासारखं वागतं. सगळे म्हणतात, किती गुणी! खरी परीक्षा त्यानंतर, जरा सुरक्षित वाटायला लागल्यावर. उशीखाली भाकरी लपवणं, साखरेचा डबा रिकामा करणं, खोटं बोलणं, रात्री अंथरूण ओलं होणं. भाकरी लपवणारं मूल चोर नसतं, उद्या मिळेल यावर त्याचा भरवसा नसतो. त्याच्या हाताला येईल असा एक डबा ठेवा, चुरमुरे, शेंगदाण्याचे लाडू, केळं, आणि तो रिकामा झाला की न बोलता भरा. अंथरुणासाठी गादीवर रेक्झिन घाला, झोपण्याआधी लघवीला पाठवा, पण आधी डॉक्टरांकडून लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता आणि साखर तपासून घ्या. चारचौघांत चादर वाळत घालून लाजवलं तर त्रास वाढतोच. हिमोग्लोबिन, जंत, उवा, दात आणि दहाव्या-सोळाव्या वर्षाचं टीडी (धनुर्वात-घटसर्पाचं) इंजेक्शन पहिल्याच महिन्यात बघून घ्यावं.

'आई' म्हणायला लावू नका. काकी, मावशी, अम्मा, त्याच्या तोंडात येईल ते. आईवडील भेटून गेले की दोन-तीन दिवस मूल चिडतं, जेवत नाही. म्हणून भेटी बंद करा असं अधिकाऱ्यांना सांगायची घाई होते. ती करू नये. त्या दिवसांत पाहुणे नकोत, परीक्षा नको, आवडीचा झुणका-भाकरी पुरे.

बालमंदिरातलं मूल बरेचदा कन्नड शाळेतलं असतं. हट्टानं मराठी माध्यमात घालू नका. घरी मराठी बोला, शाळा तीच ठेवा. ते चार महिन्यांत तुमच्याशी मराठीत भांडेल. शाळा बदलावीच लागली तर सॅट्स नंबर (कर्नाटकात शाळेतल्या प्रत्येक मुलाला असलेला नोंदणी क्रमांक) मागून घ्या. टीसी नाही म्हणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, आणि बसवायचं वयाप्रमाणं वर्गात.

गल्लीत विचारतील, कुणाचं, कुठल्या जातीचं? 'आमच्याकडं राहतंय' एवढंच उत्तर. मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ नं बंद आहे, म्हणून वाढदिवसाचा फोटो स्टेटसला नको, जत्रेतलाही नको.

मिळतं काय, हेही विचारायला हवं होतं तुम्ही. भरलेला डबा आठवडाभर तसाच राहतो. जे मूल पडलं तरी रडत नव्हतं ते खरचटल्यावर तुमच्याकडं पळत येतं. आभार मात्र कुणी मानत नाही, मूलही नाही, त्याची आईही नाही.

तुमच्या मुलाचं. त्याला 'तुला भाऊ आणतोय' असं सांगू नका, उद्या तो भाऊ गेला तर उत्तर देता येणार नाही. काही दिवस, कदाचित काही वर्षं, एक मूल राहायला येईल असं सांगा. त्याचं कपाट, सायकल, झोपायची जागा यातलं काहीही न विचारता वाटायला काढू नका. येणाऱ्या मुलाचं वय त्याच्याहून कमी असलेलं बरं, हे गृह अध्ययनाच्या वेळीच अधिकाऱ्यांना सांगा. आणि त्यानं ठाम नाही म्हटलं तर अर्ज वर्षभर पुढं ढकला.