माल आत, पैसे बाहेर

प्रिय पोरी,

तुझी मेल वाचली. पानंच्या पानं तुमच्या हस्तकला संस्थेतल्या वातावरणाबद्दल, कुजबुजीबद्दल, अध्यक्षांच्या स्वभावाबद्दल. आणि खरी गोष्ट शेवटून दुसऱ्या परिच्छेदात, जाता जाता लिहिल्यासारखी. ताळेबंदात डाव्या बाजूला 'कारागिरांचे देणे' अशी ओळ दिसली, उजव्या बाजूला मुदत ठेवी दिसल्या, ठेवींचा आकडा बराच मोठा होता. तू विचारलंस, तर उत्तर मिळालं, "आपलीच माणसं आहेत, त्यांचा विश्वास आहे आपल्यावर." मग चहा आला आणि पुढचा विषय निघाला.

आणि तू मला विचारतेस, राजीनामा देऊ का?

ते नंतर बघू. आधी तुझ्या मेलमधल्या त्या ओळीकडे ये. विश्वस्त मंडळावरच्या सगळ्यांना ताळेबंदाची प्रत मिळाली होती, ओळ तुलाच दिसली. म्हणून तर एवढं लांबलचक लिहायला बसलेय.

माझं सगळं म्हणणं एका वाक्याचं आहे आणि ते तू आजपर्यंत कितीदा ऐकलं असशील. माल आत आला की पैसे बाहेर गेले पाहिजेत. विकल्यावर नाही. प्रदर्शन संपल्यावर नाही, अनुदान आल्यावर तर नाहीच. माल आत, पैसे बाहेर. हस्तकलेसाठी काम करणाऱ्या संस्थेला दुसरं कुठलंही धोरण नसलं तरी मला चालेल.

तुमच्याकडे सगळा माल जांगडीवर असतो. कारागीर वस्तू आणून देतो, आपण वहीत नाव, वस्तू, नग, भाव लिहितो, विकलं गेलं तर पैसे, नाही तर माल परत. कागदावर यात काही गैर नाही. आता कोल्हापुरी चपला करणाऱ्या घराचं बघ. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं घ्यायचं ते रोखीनं. चामडं कापणारा, ठोकणारा पुरुष. वेणी घालणारी, शिवणारी बहुतेक वेळा घरातली बाई. म्हणजे एका जोडात दोघांची मजुरी अडकलेली. ते जोड आपल्या फळीवर चार महिने बसले, की चामड्याचे पैसे अडकले, दोघांची मजुरी अडकली, आणि मध्येच पाऊस लागला की चामडं वाळत नाही, कामही मंदावतं. नेमक्या त्या दिवसांत माणूस आपल्याकडे येतो आणि आपण त्याला वही दाखवतो. "अजून तीन जोड शिल्लक आहेत तुझे." तो मान हलवतो. त्या मान हलवण्याला आपण विश्वास म्हणतो.

पीएम विश्वकर्मा योजना २०२३मध्ये आली. अठरा व्यवसायांतल्या कारागिरांना पहिल्या टप्प्यात एक लाखापर्यंत आणि मग दोन लाखांपर्यंत कर्ज, पाच टक्के व्याजानं. चांगली योजना आहे, लोकांचे अर्ज भरून दे, तुझ्यासारख्या मुलीला ते पटापट जमतं. पण एकदा शेजारी शेजारी ठेवून बघ: कच्च्या मालासाठी कर्ज काढून व्याज भरणारा माणूस, आणि त्याचा माल बिनपैशानं ठेवून स्वतःच्या ठेवींवर व्याज घेणारी आपली संस्था. कोण कोणाला मदत करतंय?

आमच्या संस्थेत मी खजिनदार असताना धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बऱ्याच खेपा घातल्या, त्यामुळे कायद्याची थोडी ओळख आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. माझ्या वेळी त्याच्या कलम ३६-अ प्रमाणे विश्वस्तांना संस्थेसाठी कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागायची. बँकेकडून दमडी उचलायची तर अर्ज, ठराव, कारणं. आणि कारागिराकडून वर्षभर बिनव्याजी उधार उचलायला मात्र एक वही पुरायची. हे मी मंडळात बोलले होते तेव्हा एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "शब्द जपून वापरा." मी तेव्हाही जपूनच वापरले होते.

आणखी एक. २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो की उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, असलेल्या छोट्या उत्पादकाकडून माल विकत घेतला, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. जांगडीत मात्र वस्तू विकली जाईपर्यंत खरेदीच झालेली नसते, त्यामुळे ते दिवस मोजायला सुरुवातच होत नाही. बेकायदा काही नाही. ऑडिटर शेरा मारणार नाहीत. म्हणूनच हे मंडळानं बोलायला हवं, कारण दुसरं कोणी बोलणार नाही.

तुला सांगतील, आपण व्यापारी नाही. पडून राहिलेल्या मालाचं काय करायचं? जोखीम कोणी घ्यायची?

आपण घ्यायची! ज्याच्याकडे ठेवी आहेत त्यानं. नाही तर आपण तिथे आहोत कशाला? दुकानदारही जांगडीवर माल ठेवतो, शिवाय त्याची जागा मोक्याची असते.

पडून राहणाऱ्या मालाचं म्हणशील, तर जांगडीमुळेच तो साचतो. पैसे द्यायचे नसले की माणूस निवड करत नाही. आलेलं सगळं ठेवून घेतो, नाही म्हणायला जीवावर येतं, आणि मनाला बरंही वाटतं की आपण कोणाला विन्मुख पाठवलं नाही. मग वर्षानं ती वस्तू परत जाते. तुमच्या कपाटाच्या खालच्या खणात कापडावरची वारली चित्रं आहेत, ती एकदा उलगडून बघ. घडीच्या रेघेवर पांढरा रंग उडालाय, नाचणाऱ्यांच्या फेरात मधली दोन-तीन माणसं कमरेत तुटलीत. ते चित्र आता कोणीही घेणार नाही. ते परत घेऊन जाणाऱ्या बाईला आपण काय सांगणार, की तुमचं विकलं गेलं नाही? रोख मोजायला लागलीस की बघ, हात कसा नीट फिरतो वस्तूवरून. शिवण बघशील, रंग बघशील, गिऱ्हाईक कोण हे आधी विचारशील, आणि नको ते दारातच नको म्हणशील. कारागिराला दारातलं 'नको' चालतं. वर्षभरानंतरचं नाही चालत.

आता जे मुळात लिहायचं होतं ते. हे सगळं वाईट माणसांमुळे होत नाही. तुमचं मंडळ भल्या माणसांचं आहे, मी त्यातल्या निम्म्यांना ओळखते. अडचण अशी की आपण सगळे विनामूल्य काम करतो. रविवार देतो, पेट्रोल स्वतःचं घालतो, प्रदर्शनात दिवसभर उभे राहतो आणि मानधन घेत नाही. हळूहळू पैशांची घाई करणारा माणूस आपल्याला किंचित हलका वाटायला लागतो. 'आम्ही एक रुपया घेत नाही आणि याला चार महिने थांबवत नाही?' असं कोणी तोंडानं म्हणत नाही, पण चेहऱ्यावर दिसतं. आपल्यापैकी कोणाला निवृत्तीवेतन आहे, कोणाला नोकरी आहे, म्हणून आपण फुकट काम करू शकतो. तो करू शकत नाही. आपल्या त्यागाचं बिल त्याच्या नावावर फाडायचं नाही. स्वयंसेवकांनी चालवलेल्या संस्थेत हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

२०२५च्या जूनमध्ये, मिलानच्या फॅशन शोमध्ये एका बड्या कंपनीनं हुबेहूब कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कुठेही कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपल्या लोकांच्या ग्रुपवर काय आग पेटली होती! कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे, हे सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. योग्यच होतं. मी फक्त एवढंच लिहिलं की आपल्या फळीवरच्या जोडांचे पैसे दिलेत का. ग्रुपवर शांतता. मग कोणीतरी सुप्रभातचं फूल टाकलं.

तुला वाटेल म्हातारी एकच गोष्ट उगाळते. उगाळणार. अखिल भारत चरखा संघापुढे १९३५ साली हाच पेच होता. सूत कातणाऱ्या बायकांना अगदीच नगण्य मजुरी मिळत होती, आणि गांधीजींनी धरलं की जगण्यापुरती मजुरी द्याच, खादी महाग झाली तर होऊ दे. खादी खपणार नाही अशी भीती कार्यकर्त्यांना होती, आणि ती काही खोटी नव्हती. तरी संघानं मजुरी वाढवली. माझं म्हणणं तर त्याच्या मानानं किती साधं! भाव वाढवा असंही मी म्हणत नाही. जो ठरलाय तो वेळेवर द्या.

मी हे आमच्या संस्थेत करून घेतलं, पण सुखासुखी नाही. जुनी देणी फिटेपर्यंत नव्या प्रदर्शनाच्या खर्चावर सही करणार नाही असं सांगितलं. सभागृहाचं बुकिंग गेलं. ज्या मैत्रिणीनं मला संस्थेत आणलं, जिनं ती संस्था स्वतःचे दागिने गहाण टाकून उभी केली, तिला तो अपमान वाटला. ती पुढे माझ्याशी संस्थेच्या कामापुरतंच बोलायची, आणि एरवी मी समोर आले तर कागद चाळायची. ते दुःख आहे. अजून आहे. पण लोक म्हणतात की मी जरा गोडीनं घ्यायला हवं होतं, ते मला पटत नाही. गोडीनं तीन खजिनदारांनी घेतलं होतं माझ्या आधी. वह्या बघ त्यांच्या, सुवाच्य अक्षरात थकबाकी लिहिलेली. असो. हे मी तुला सांगतेय की तिला, कोण जाणे.

तर राजीनामा. दिलास तरी संपणार नाही, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. विश्वस्त मंडळातला बदल कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो, आणि तो चेंज रिपोर्ट मंजूर होऊन नोंद बदलेपर्यंत रजिस्टरमध्ये नाव तुझंच. किती संस्थांचे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं पडून असतात ते जाऊन बघ. तेव्हा नाव राहणारच असेल तर बसून राहा आणि काम कर.

भाषण करू नकोस. तुझं भाषण चांगलं होतं आणि म्हणूनच ते फुकट जातं, लोक टाळ्या वाजवतात. जांगडीची वही घे आणि यादी कर: कोणाचं, किती, कोणत्या तारखेपासून. एका पानात बसली पाहिजे. ती विषयपत्रिकेबरोबर आधीच पाठव, आणि विषय पहिला लाव, 'आयत्या वेळचे विषय' मध्ये नाही. तिथे गेलेला विषय चहात बुडतो. ठराव लेखी असू दे: ठेवींतली एक ठेव मोडून खरेदी निधी करायचा, त्यातून माल रोखीनं घ्यायचा, विक्रीचे पैसे परत त्याच निधीत. सूचक तू, अनुमोदक आधी बघून ठेव. ठराव पडला तरी इतिवृत्तात कोण काय म्हणालं ते यायला हवं, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना ते गाळलेलं नाही ना, हे वाचून बघ.

ठेवीला हात लावायचा नाही म्हणून कोणीतरी उठेलच. ती कायम निधीची आहे का साधी शिल्लक, एवढंच विचार. देणगीदारानं कॉर्पस म्हणून, म्हणजे मूळ रक्कम मोडायची नाही अशा अटीवर, दिलेली असेल तर तिच्याकडे बघूही नकोस. साधी शिल्लक असेल तर प्राप्तिकराची सवलत घेणाऱ्या संस्थेनं उत्पन्नाचा ८५ टक्के भाग त्याच वर्षी उद्दिष्टांवर खर्च करावा अशी अपेक्षा असते, आणि पुढे साठवायचा तर कारण सांगून, मुदत घालून. तुमच्या घटनेत उद्दिष्ट क्रमांक एक काय आहे? 'कारागिरांचे आर्थिक उन्नयन.' मला पाठ आहे, मीच मसुदा तपासला होता.

आणि मंडळावर एक तरी कारागीर घ्या. 'निमंत्रित' नको, मत असलेला. सभा त्याच्या कामाच्या दिवशी ठेवलीत तर त्याचा रोज बुडतो, तेव्हा प्रवासखर्चाबरोबर त्याचीही सोय ठरावात घाल. यावर तुमच्या मंडळात जास्त भांडण होईल असा माझा अंदाज आहे, ठेवीपेक्षाही.

सभेआधी ऑडिटरांना भेट. सकाळी लवकर जा, ते फोनवर काहीही सांगत नाहीत. ठेवींच्या पावत्यांच्या झेरॉक्स बरोबर ने, आणि यादीचं पान मला आधी दाखव. तुझ्या बेरजा चुकतात.

तुझी,
मावशी