गट सामाईक, खड्डे मात्र एकट्याचे

प्रश्न : मंगळवेढा तालुक्यात आमचा नऊ एकरांचा गट आहे. सातबाऱ्यावर माझं आणि चुलतभावाचं नाव सामाईक आहे, वाटणी फक्त तोंडी. उत्तरेकडचं रान तो करतो, दक्षिणेकडचं मी. नोकरीमुळे मी सोलापुरात असतो, त्यामुळे ज्वारीची राखण होत नाही. म्हणून माझ्या निम्म्या रानात साग, चंदन आणि बांबू लावायचं ठरवलंय. भाऊ म्हणतो, "फॉरेस्टवाले जमीन नेतील, आणि झाडावरची पाखरं माझी कणसं खातील. खड्डे घेतलेस तर स्टे आणतो." त्याला तसं करता येईल का? बिगरशेती करून घ्यावी लागेल का?

उत्तर : बिगरशेतीचं आधी. शेतात झाडं लावायला एनए लागत नाही. उद्या तिथे रिसॉर्ट काढलंत तर गोष्ट वेगळी.

स्टे मात्र मिळू शकतो, आणि तो पाखरांमुळे नाही. तोंडी वाटणी कोर्टात सिद्ध करत बसावी लागते. तोवर कागदावर गटाच्या प्रत्येक ढेकळात भावाचा हिस्सा आहे. पंचवीस वर्षं हलणार नाही असा साग लावणं म्हणजे सामाईक जमिनीचं स्वरूप एकट्याने बदलणं, असं त्यांचा वकील म्हणेल आणि मनाई हुकूम मागेल. मी त्यांच्या बाजूने असतो तर हेच केलं असतं. म्हणून आधी वाटप करा. दोघांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 85 खाली तहसीलदारांकडे अर्ज देता येतो. संमती नसेल तर दिवाणी न्यायालयात वाटपाचा दावा, आणि त्याला किती वर्षं लागतात ते तुम्हाला गावात कोणीही सांगेल. वाटप झालं की पोटहिश्श्याची मोजणी करून हद्दीच्या खुणा कायम करून घ्या.

फॉरेस्टची भीती हवेतून आलेली नाही. खासगी वनं संपादन करणाऱ्या 1975 च्या कायद्याने 30 ऑगस्ट 1975 रोजी राज्यातली खासगी वनं सरकारजमा झाली; नोटिसांचे वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. पण तो कायदा त्या दिवशी जे वन होतं त्यापुरता. दुसरी भीती सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशाची : मालकी कोणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ते वन. खासगी जमिनीवरच्या लागवडीबद्दलची ही धास्ती कमी व्हावी, हेही वन संवर्धन कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीचं एक कारण होतं. त्या दुरुस्तीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आणि फेब्रुवारी 2024 मध्ये अंतरिम आदेशाने 1996 चाच अर्थ चालू ठेवायला सांगितलं गेलं. तुमच्या ज्वारीच्या रानाला कोणी वन म्हणणार नाही, तरी पुरावा ठेवा. लागवडीच्या वर्षीपासून दर हंगामात ई-पीक पाहणीत नोंद करा, रोपवाटिकेची पावती जपा. रान नुसतं 'पड' दाखवून ठेवू नका.

खरा कायदा जागा होतो तो तोडताना. महसूल संहितेच्या कलम 25 प्रमाणे खातेदाराच्या जमिनीतल्या झाडांवर साधारणपणे त्याचाच हक्क असतो. पण साग आणि चंदन ही 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीतली झाडं; वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कुऱ्हाड लावता येत नाही. सातबारा सामाईक राहिला तर तेव्हा भावाची, कदाचित त्यांच्या मुलांची संमती आणा म्हणतील. बांबूचं त्यामानाने सोपं आहे, 2017 च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातल्या 'झाडा'च्या व्याख्येतून तो निघाला. चंदनाबद्दल माझं मत विचाराल तर लावू नका. ज्वारीची राखण होत नाही म्हणताय, मग चंदनाची राखण कोण करणार?

आता भावाच्या पिकाचं. पाखरांवर दावा टिकणार नाही. सावलीची तक्रार मात्र रास्त आहे. रब्बीत सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सावली उत्तरेला पडते, म्हणजे सामाईक बांधालगत साग लावलात तर ज्वारी पोटरीत असताना ती सावली थेट त्यांच्या काळ्या रानात. झाडं बांधापासून किती फुटांवर हवीत याचा नेमका आकडा वाटपात आपसात ठरवून लिहून घ्या. माझा सल्ला, लागवड तुमच्या दक्षिण कडेला न्या आणि मधल्या पट्ट्यात ज्वारीच राहू द्या. मालदांडी पिकणारं काळं रान सागाखाली घालवणं मला तरी पटत नाही. बांधावर मात्र काही लावू नका. पुढे कोणी महसूल संहितेच्या कलम 143 खाली बांधावरून वाट मागितली तर झाडं आडवी येतील.

फांद्या त्यांच्या हद्दीत गेल्या तर आधी तुम्हाला सांगून, हद्दीपुरत्या ते छाटू शकतात. तुमच्या हिश्श्यात येऊन रोपं उपटली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 खाली तक्रार देता येते. पण हिस्सा तुमचा, हे दाखवायला वाटपाचा फेरफार हातात हवा.