अर्धवट पूल आणि काम थांबवायचा अधिकार

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझी नेमणूक पुलाच्या साइटवर झाल्याचं कळलं. छान झालं. पण ड्रॉइंगवर दिसतो तो पूल तुला इतक्यात भेटायचा नाही. तोवर समोर असेल तो अर्धवट पूल, आणि तो रोज बदलत असतो. पूर्ण झाल्यावर ताण सोसणारा भाग उभारणीत कधीकधी दाब सोसत असतो. वर काँक्रीटचा स्लॅब ओतून झाल्यावर जो गर्डर, म्हणजे मुख्य तुळई, जागचा हलणार नाही, तोच क्रॉस-ब्रेसिंग (गर्डर एकमेकांना बांधणारे आडवे-तिरपे दुवे) बसेपर्यंत आडवा कलंडू शकतो. म्हणून प्रत्येक टप्प्याचं गणित वेगळं मागायचं. सेंटरिंगचंसुद्धा, म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून तोलणाऱ्या आधाराचं. ते तात्पुरतं असलं तरी ओल्या काँक्रीटचं सगळं वजन त्याच्यावरच येतं.

कॅनडातल्या क्वेबेक पुलाची हकिगत कॉलेजात ऐकली असशील, बहुधा अर्धीच. मुख्य गाळा, म्हणजे दोन खांबांमधला भाग, 1600 फुटांवरून 1800 फुटांवर नेला, वाढलेलं स्ववजन वेळेवर हिशेबात धरलं नाही आणि दाब घेणारे खालचे भाग वाकले, इथवर पुस्तकात असतं. मला पूल पडण्याआधीचे दोन-तीन दिवस जास्त छळतात. त्या भागांना आलेला बाक साइटवर दिसला होता. नॉर्मन मॅक्लुअर या तरुण अभियंत्यानं तो मोजला, पत्रानं कळवला. त्यावर वाद काय, तर हा बाक कारखान्यातूनच आलाय! शेवटी मॅक्लुअर स्वतः न्यूयॉर्कला, सल्लागार थिओडोर कूपर यांच्याकडे गेला. आणखी भार टाकू नका, अशी तार कूपरनी 29 ऑगस्ट 1907 रोजी केली खरी, पण ती गेली पेनसिल्व्हेनियात, पोलादकाम करणाऱ्या कंपनीकडे. साइटवर नाही. त्याच संध्याकाळी पूल पडला. वर 86 माणसं होती, 75 गेली.

माप घेणारा होता, जाणकार होता. पण 'आत्ता खाली उतरा' असं म्हणू शकेल असा अनुभवी, अधिकारी माणूस पुलापाशी नव्हता. (तेव्हा तार होती, आता व्हॉट्सॲप ग्रुप आहे. निरोप पोचला म्हणजे काम थांबलं, हा समज तेवढाच जुना.)

दुरुस्तीच्या घाईलाही जप. मेलबर्नच्या वेस्ट गेट पुलात एका गाळ्याच्या दोन अर्ध्या भागांत सुमारे 11 सेंटीमीटरचा चढउतार राहिला. वरचा भाग दाबायला काँक्रीटचे ठोकळे ठेवले, तर पत्रा फुगला. फुगवटा काढायला जोडाचे बोल्ट सोडवायला घेतले. 15 ऑक्टोबर 1970 रोजी गाळा कोसळला, 35 माणसं गेली. मायामीत 2018 साली तडे गेलेल्या पादचारी पुलातला भाग पुन्हा ताणत असताना पूल पडला, आणि खालचा रस्ता वाहता होता. अशी दुरुस्ती निघाली की ड्रॉइंग, आकडेमोड आणि सही आल्याशिवाय पान्याला हात लावू द्यायचा नाही, आणि खालची माणसं आधी हलवायची. मुकादम कुरकुरेल, कंत्राटदार दिवस मोजेल. मोजू दे.

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मेथड स्टेटमेंट (काम कोणत्या क्रमानं, कसं करायचं याचा लेखी कागद) काढून वाच. किती मिलिमीटर खचलं किंवा वाकलं की काम बंद, आणि बंद करणारा साइटवर हजर असलेला माणूस कोण, हे त्यात शोध. रात्रपाळीचंही बघ. सापडलं नाही तर वरिष्ठांना लेखी विचार, आणि काय उत्तर येतं ते मला कळव.