फॉरमॅट मारण्याआधी : हँग होणाऱ्या कॉम्प्युटरविषयी वाचकांचे प्रश्न

उन्हाळा लागला की ग्वाल्हेरहून या सदराकडे एकाच तक्रारीची पत्रं येतात. या वेळी तीच घेतली आहेत.

प्रश्न : घरी २०१७ साली जोडून घेतलेला डेस्कटॉप आहे. सातव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. मे महिन्यात दुपारी लावला की वीस-पंचवीस मिनिटांत हँग होतो. माउससुद्धा हलत नाही, बटण दाबून बंद करावा लागतो. सकाळी लवकर लावला तर तास-दोन तास बिनतक्रार चालतो. दुकानदाराने दोनदा फॉरमॅट मारून दिला, फरक शून्य. आता मदरबोर्ड बदला म्हणतो. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात आहे, शेजारच्या खिडकीत कूलर आहे.
— एक वाचक, शिंदे की छावनी, लश्कर

उत्तर : सकाळी चालतो आणि दुपारी अडतो, हे तुम्हीच लिहिलंत आणि त्यात निम्मं निदान झालं. विंडोज बिघडलं असतं तर सकाळीही बिघडलेलंच असतं. मदरबोर्डचे पैसे तूर्त खिशातच ठेवा.

आधी एक बिनखर्चाची चाचणी. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर) जा आणि भर दुपारी मशीन त्याच पडद्यावर तासभर सोडून द्या. अधूनमधून बाणाची कळ दाबून निवड हलते का ते बघा. तिथेही अडकला, तर विंडोज, व्हायरस, ड्रायव्हर सगळे सुटले. दोष लोखंडात, म्हणजे मशीनच्या भागांत आहे. फॉरमॅट करण्याआधी ही चाचणी कुणी करत नाही, कारण फॉरमॅटचे पैसे मिळतात, हिचे मिळत नाहीत. बायोसमध्ये मात्र प्रोसेसरवर काम फारसं नसतं, म्हणून तिथे पास झाला तरी लगेच निर्दोष समजू नका.

आता उष्णतेचा हिशेब बघा. प्रोसेसरचा पंखा खोलीतल्याच हवेने त्याला थंड करतो, म्हणून खोली १५ अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत जो काम करताना ६५ वर होता, तो ३८ अंशांच्या खोलीत ८३ वर जाईल. त्यात कॅबिनेट बंद कप्प्यात, म्हणजे मागून निघालेली गरम हवा पुन्हा पुढून आत. आणखी दहा अंश सहज चढतात. इंटेलचे या पिढीचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंशांपाशी स्वतःचा वेग कमी करतात आणि तरीही भागलं नाही तर मशीन बंद करतात. सगळंच जागच्या जागी गोठतं तेव्हा मात्र प्रोसेसरइतकाच संशय मदरबोर्डवरच्या वीज पुरवणाऱ्या भागावर, एसएमपीएसवर (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर) आणि रॅमवर घ्यावा. तेही त्याच कप्प्यात शिजत असतात.

नुसता अंदाज नको, आकडा बघा. ‘एचडब्ल्यूइन्फो’ किंवा ‘कोअर टेम्प’ हे मोफत प्रोग्राम तापमान दाखवतात. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ४० ते ५५ आणि काम करताना ८५ च्या आत असेल तर ठीक. रिकामा असतानाच ७० दाखवत असेल तर एक तर धूळ साचली आहे, किंवा प्रोसेसर आणि पंख्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळली आहे, किंवा पंख्याची पिन सुटली आहे.

कूलरविषयी वेगळं लिहायला हवं. कूलरची हवा दमट असते आणि बाहेरची बारीक धूळही घेऊन येते. ती थेट कॅबिनेटवर आली की प्रोसेसरवरच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये कोरडी धूळ न बसता चिखलाचा पातळ लेप बसतो आणि वाळून घट्ट होतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, पण खाली पात्यांच्या फटी पार बुजलेल्या असतात. असा थर ब्लोअरने उडत नाही. पंखा काढून, पाती आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या ब्रशने घासावी लागतात.

सफाई करताना मुख्य वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. बाजूचा पत्रा काढून कॅबिनेट गच्चीत किंवा अंगणात न्या. आधी एक इंची कोरड्या रंगाच्या ब्रशने धूळ सैल करा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेने भरधाव फिरलेला पंखा बेअरिंग खराब करून घेतो. एसएमपीएसच्या जाळीतून बाहेरूनच हवा मारा, डबा उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही काही वेळ ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो.

आठ-नऊ वर्षांत पेस्ट बदललेली नसेल तर ती बदलाच. इंटेलच्या सोबत आलेल्या पंख्याला चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. बाणाच्या दिशेने पाव वळसा देऊन त्या वर ओढल्या की पंखा सुटतो. जुनी पेस्ट अल्कोहोलच्या बोळ्याने दोन्ही बाजूंनी पुसा. नवी पेस्ट प्रोसेसरच्या मधोमध, मुगापेक्षा मोठी आणि मटारापेक्षा लहान एवढीच. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही. पिना दाबण्याआधी उलट फिरवून मूळ जागी आणा, मग समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबा. चारही वेळा ‘कट्’ असा आवाज यायला हवा. चौथी पिन अर्धवट बसते आणि पंखा एका कोपऱ्यात किंचित उचललेला राहतो, ही नेहमीची चूक. चारही बाजूंनी बोटाने हलवून बघा आणि पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच लावा.

उघडलंच आहे तर मदरबोर्डवरच्या गोल कपॅसिटरांची डोकी बघा. ती सपाट हवीत. एखादं फुगलं असेल किंवा वर तपकिरी चिकटा दिसत असेल तर दुकानदाराचं म्हणणं खरं निघण्याची शक्यता आहे, पण जुने कपॅसिटर बदलून देणारे कारागीरही असतात.

कॅबिनेट कप्प्याबाहेर, कूलरच्या झोताबाहेर, भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. काही घरांत एवढ्यानेच काम भागतं.

प्रश्न : आमचा कॉम्प्युटर पूर्ण हँग होत नाही. बाण फिरतो, पण क्लिक केलेलं काही उघडत नाही. दोन-तीन मिनिटांनी आपोआप सुटतो. कधी कधी आतून टिक-टिक आवाज येतो. मुलीच्या लग्नाचे सगळे फोटो त्यात आहेत.
— एक वाचक, मुरार

उत्तर : बाकी सगळं सोडा आणि आजच फोटो बाहेर काढा. टिक-टिक हा हार्ड डिस्कचा आवाज आहे आणि ती फार दिवस साथ देईल असं दिसत नाही. बाहेरची डिस्क किंवा पेन ड्राइव्ह लावून आधी लग्नाचे फोटो, मग कागदपत्रं, मग बाकीचं अशा क्रमाने उतरवा. एखादी फाइल अडली तर ती सोडून पुढे चला. डिस्क दुरुस्त करण्याचा विंडोजचा ‘एरर चेकिंग’ प्रकार आधी मुळीच चालवू नका. तो डिस्कला बरंच वाचायला लावतो आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाऊ शकते.

माल सुरक्षित झाल्यावर निदान करा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली डिस्क बघा. १०० टक्के दिसतं म्हणून घाबरू नका. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं तसंच असतं. ‘अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ बघा. निरोगी डिस्क साधारण दोन आकडी मिलिसेकंदांत उत्तर देते. तिथे हजारांत आकडे असतील आणि वाचनाचा वेग मात्र नगण्य असेल, तर डिस्क एकाच जागी पुन्हा पुन्हा डोकं आपटते आहे.

मग ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ चालवा. त्यात रिअलोकेटेड सेक्टर, करंट पेंडिंग सेक्टर आणि अनकरेक्टेबल सेक्टर या तीन ओळी महत्त्वाच्या. शेवटच्या रकान्यात नुसती शून्यं असावीत. हा प्रोग्राम आकडे मुळात दहाऐवजी सोळावर आधारलेल्या (हेक्स) पद्धतीत दाखवतो, त्यामुळे तिथे १० दिसलं तर ते सोळा समजा. पेंडिंगमध्ये काहीही असलं तरी डिस्क बदलायची.

एक अपवाद आहे, आणि तो स्वस्तातला आहे. ही तिन्ही शून्य असून ‘सीआरसी एरर काउंट’ तेवढा वाढत असेल तर डिस्क नव्हे, साटा केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी वायर) खराब आहे. केबल बदला, मदरबोर्डवर दुसऱ्या खोबणीत लावा, आकडा कागदावर लिहून ठेवा. तो कधी कमी होत नाही, पण पुढे वाढायचा थांबला की काम झालं.

डिस्क गेलीच असेल तर अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घ्या. २५० जीबीची घरच्या कामाला पुरते, फोटो भरपूर असतील तर ५०० ची. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा विंडोज नव्याने टाका. फॉरमॅट इथे खरोखर उपयोगी आहे.

प्रश्न : लाइट जाऊन इन्व्हर्टर लागला की कधी कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, कधी चित्र गोठतं. खालच्या मजल्यावर पाण्याची मोटर सुरू झाली तरी तेच. शिवाय कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला तर झिणझिण्या येतात.
— एक वाचक, जीवाजीगंज

उत्तर : तुमच्या दोन तक्रारी आहेत आणि दुसरी जास्त गंभीर आहे. झिणझिण्या म्हणजे अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या तोंडाशी गाळणीचे छोटे कपॅसिटर असतात, ते पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर तिथली किरकोळ गळती जमिनीत जाते, नसेल तर पत्र्यावर जवळपास निम्मा दाब बसतो. करंट अगदी थोडा असतो, म्हणून झिणझिण्याच येतात. पण एसएमपीएस आतून बिघडला तर तोच पत्रा जिवावर बेतू शकतो. तीन पिनी प्लगला दोन पिनी बनवणारा कन्व्हर्टर किंवा स्वस्त एक्स्टेंशन असेल तर आधी ते फेका. मग इलेक्ट्रिशियनकडून त्या सॉकेटमध्ये फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ असे दोन दाब मोजून घ्या. पहिला फेज-न्यूट्रल इतकाच यावा, दुसरा दोन-तीन व्होल्टच्या आत.

आता इन्व्हर्टर. बहुतेक इन्व्हर्टरच्या पाठीमागे किंवा पुढे एक खटका असतो : साधा मोड आणि यूपीएस मोड. वीज गेल्यावर बॅटरीवर यायला साध्या मोडमध्ये ३०-४० मिलिसेकंद लागू शकतात, यूपीएस मोडमध्ये साधारण १०. चांगला एसएमपीएस वीज तुटल्यावर १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. जुना किंवा कॅबिनेटसोबत फुकट आलेला तेवढाही धरत नाही. म्हणून खटका यूपीएसवर करा. त्यातही एक मेख आहे. यूपीएस मोड १८० व्होल्टच्या आसपासच बॅटरीवर उडी मारतो. दुपारी तुमच्याकडे दाब त्याखाली जात असेल तर लाइट असूनही बॅटरी उतरत राहील. अशा घरात कॉम्प्युटरपुरता ६०० व्हीएचा वेगळा यूपीएस लावणं बरं.

मोटर सुरू झाल्यावर मशीन अडत असेल तर एसएमपीएस थकला आहे. मल्टिमीटर असेल तर मोठ्या चार पिनी मोलेक्स प्लगमध्ये पिवळी-काळी वायर ११.४ ते १२.६ आणि लाल-काळी ४.७५ ते ५.२५ व्होल्ट दाखवायला हवी. हे मशीन कामात असताना मोजा. आणि बदलताना डब्यावरचं ‘५०० वॉट’ वाचून फसू नका. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा, त्याला बाराने गुणा. उत्तर २०० च्या आसपास आलं तर तो ५०० चा नाही.

प्रश्न : ८ जीबीची दुसरी रॅम टाकल्यापासून व्हिडिओ बघताना हँग होतो.
— एक वाचक, थाटीपुर

उत्तर : नवी काढून फक्त जुनीवर दोन दिवस चालवा, मग जुनी काढून फक्त नवीवर, त्याच खोबणीत. एका वेळी एकच बदल. दोन्ही एकेकट्या चालल्या आणि जोडीने अडल्या तर त्यांचं आपसात जमत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी (रॅम वाढीव वेगाने चालवण्याची सोय) चालू असेल तर बंद करून बघा, वेग थोडा कमी होईल पण जोडी बहुधा नांदेल. सोनेरी पट्टी पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासून, भुसा झटकून लावा आणि दोन्ही बाजूंची कुलपं बसल्याची खात्री करा. शेवटी ‘मेमटेस्ट८६’ पेन ड्राइव्हवरून रात्रभर चालवा. चार फेऱ्यांत एक जरी चूक आली तरी पावती घेऊन दुकानात जा. ‘एवढीशी चालते’ असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

प्रश्न : विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून कॉम्प्युटर हँग होतोय, असं दुकानदार म्हणतो. खरं आहे का?
— एक वाचक, हजीरा

उत्तर : नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला सपोर्ट संपला, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट थांबले. त्या दिवशी मशीनचा वेग बदलला नाही. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची नोंदणी केली तर ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर त्याचा दुवा दिसतो. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची मशीनं अधिकृतपणे चालतात. तुमचं त्याआधीचं असेल आणि कुणी जबरदस्तीने ११ टाकून देत असेल, तर ४ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कवर ते आजच्यापेक्षा जास्तच रखडेल.