हातातल्या गेमयंत्रावर कार्ड नाकारले जाते, तेव्हा दोष नेमका कुठे असतो?

तुमच्या प्रश्नाचा आशय असा : धाकट्या भावासाठी नागपूरहून वापरलेला निन्टेन्डो स्विच आणला, दुकानदाराने त्यावर अमेरिकेचे निन्टेन्डो खाते उघडून दिले, आणि आता गेम विकत घेताना रुपे डेबिट कार्ड तीनदा नाकारले गेले आहे. बँक खात्यात पैसे असताना असे का होते, आणि यंत्र दुरुस्तीसाठी पुन्हा नागपूरला न्यावे काय, असे तुम्ही विचारले आहे.

यंत्र नागपूरला नेऊ नका. त्यात बिघाड असता, तर यंत्रातल्या गेमच्या ऑनलाइन दुकानाचे पान उघडलेच नसते किंवा गेमचे चित्र दिसलेच नसते. कार्डाचा नकार यंत्र देत नाही, ते फक्त तो निरोप तुमच्यापर्यंत पोहोचवते. नकार आधी या ऑनलाइन दुकानाने दिला की बँकेने, हे ओळखले म्हणजे अर्धे काम होते. मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातील एका गावात ऑनलाइन सेवा केंद्र चालवतो आणि घरी चार वर्षांपासून स्विच आहे, त्यामुळे या दोन्ही बाजूंचा मला थोडाफार अनुभव आहे.

नकार किती वेळात येतो, याकडे प्रथम लक्ष द्या. क्रमांक भरून पुढे जाताच, क्षणभरही न थांबता, ‘क्रमांक चुकीचा आहे’ असे दिसले, तर तुमची विचारणा बँकेपर्यंत गेलेलीच नसते. कार्डावरील शेवटचा अंक हा आधीच्या सर्व अंकांवरून ठरावीक गणिताने काढलेला असतो. आयबीएममधील हान्स पीटर लून यांनी ही पद्धत शोधली. एखादा अंक चुकून दुसराच दाबला गेला, तर हे गणित जुळत नाही आणि दुकान तिथल्या तिथे क्रमांक परत करते. हातातल्या यंत्राच्या छोट्या कीबोर्डवर बोटाऐवजी यंत्रावरील काडीने (जॉयस्टिकने) अक्षरे निवडताना अशी चूक सहज होते. त्या दुकानात न चालणाऱ्या जाळ्याचे (रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड ही अशी जाळी) कार्ड असले, तरीही उत्तर असेच ताबडतोब येते. याउलट चक्र काही सेकंद फिरून मग नकार आला, तर निरोप बँकेपर्यंत जाऊन आलेला असण्याची शक्यता अधिक असते.

तुमच्या बाबतीत मला पहिली शंका कार्डाच्या जातीबद्दलच आहे. जनधन खात्यासोबत मिळालेले साधे रुपे कार्ड देशांतर्गत वापरासाठी असते. रुपेचीच काही कार्डे परदेशी जाळ्यांवरही चालतात, परंतु तशी सोय तुमच्या कार्डाला आहे की नाही, हे शाखेत विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचे असले, तरी काम आपोआप होतेच असे नाही. रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार नवे कार्ड हाती येते, तेव्हा ते देशातील एटीएमवर आणि दुकानातील यंत्रावरच चालू असते. ऑनलाइन वापर आणि परदेशी वापर ही दोन वेगळी दारे असून ती ग्राहकाने स्वतः उघडावी लागतात. अनेकजण ऑनलाइन वापर सुरू करतात आणि परदेशी वापर तसाच बंद ठेवतात. वीजबिल भरताना त्यांचे कार्ड व्यवस्थित चालते, म्हणून ‘कार्ड तर चालू आहे’ असे ते खात्रीने सांगतात, आणि अमेरिकेच्या दुकानात मात्र ते अडते. बँकेच्या ॲपमध्ये या दोन्ही सोयी आणि त्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या दिसतात. मर्यादा शून्यावर असेल, तर सोय सुरू असूनही उपयोग नाही.

गेमची किंमत डॉलरमध्ये असते. त्या दिवसाच्या भावाने हिशेब करून तेवढेच पैसे खात्यात ठेवले, तर व्यवहार अडतो, कारण बहुतेक बँका परकीय चलनाच्या व्यवहारावर साधारण २ ते ३.५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लावतात. त्यावर खात्यात किमान शिल्लक ठेवण्याची अट असेल, तर तीही धरावी लागते.

दुसरी अडचण पत्त्याची. अमेरिकेत कार्डाच्या मालकाने दिलेला पत्ता बँकेकडील नोंदीशी ताडून पाहण्याची पद्धत रूढ आहे. त्यांचा पिनकोड पाच अंकी आणि आपला सहा अंकी. भारतीय कार्डाचा खरा पत्ता त्या चौकटीत बसत नाही, आणि तिथला खोटा पत्ता भरला, तर तो आपल्या बँकेच्या नोंदीशी जुळत नाही. खोटा पत्ता भरण्याचा सल्ला अनेकजण देतात. मी तो देणार नाही, कारण पुढे खात्याबद्दल वाद उद्भवला, तर आपण कोण आणि कुठले, हे सिद्ध करण्याचा आधारच आपण गमावलेला असतो. जपानच्या दुकानाचा पर्यायही सुचवला जातो, पण निन्टेन्डोने २५ मार्च २०२५ पासून तिथे परदेशात दिलेली कार्डे घेणे बंद केले आहे.

ओटीपीविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त माणसे इथेच अडतात. देशातील ऑनलाइन कार्डव्यवहारांना १ ऑगस्ट २००९ पासून अतिरिक्त पडताळणी सक्तीची आहे. परदेशी दुकानावर ती सक्ती नाही. त्यामुळे कधी ओटीपी न विचारताच पैसे कापले जातात, आणि कधी ओटीपी मागितला गेला नाही, एवढ्याच कारणावरून आपली बँक व्यवहार नाकारते. जिथे ओटीपी येतो, तिथे तो कोणाच्या फोनवर येतो, हा खरा प्रश्न असतो. खाते वडिलांचे, मोबाइल क्रमांक पाच वर्षांपूर्वीचा, ते सिम रिचार्ज न केल्याने बंद पडलेले, आणि तोच क्रमांक आज दुसऱ्या एखाद्या माणसाला मिळालेला, अशी उदाहरणे माझ्या केंद्रात नेहमी येतात. क्रमांक बरोबर असला, तरी आमच्या गावात काही घरांत रेंज फक्त गच्चीवर येते. फोन गच्चीवर, यंत्र खाली, आणि ओटीपीची मुदत जिना उतरेपर्यंत संपलेली. यावर मला सापडलेला उपाय असा की, खरेदी यंत्रावरून न करता फोनच्या ब्राउझरमध्ये त्याच खात्याने दुकानाच्या संकेतस्थळावर जाऊन करावी. निन्टेन्डो, प्लेस्टेशन आणि स्टीम या गेमच्या तिन्ही दुकानांवर असे करता येते. पैसे भरले गेले की गेम खात्यात जमा होतो आणि यंत्रावर उतरवून घेता येतो. फोनवर ओटीपीचे पानही नीट उघडते आणि रेंज असलेल्या जागी उभे राहून काम होते. त्याआधी यंत्रावरील तारीख आणि वेळ तपासून घ्या. वापरलेले यंत्र बरेच दिवस पडून राहिले असेल, तर घड्याळ मागे पडलेले असते, आणि मग दुकानाशी होणारी सुरक्षित जोडणीच अडते.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण तुम्ही तीनदा प्रयत्न केल्याचे वाचून मला तीच आठवली. जून महिन्यातील एका संध्याकाळी मी वडिलांच्या कार्डावरून एका गेमसाठी ओळीने पाच वेळा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी नकार येत होता आणि प्रत्येक वेळी मला वाटत होते की नेटचाच दोष असावा. सहाव्या वेळी संदेश आला की कार्ड तात्पुरते बंद करण्यात आले आहे. दुसऱ्या दिवशी वडील कपाशीचे बियाणे घ्यायला तालुक्याच्या गावी गेले, तेव्हा एटीएममधून पैसे निघेनात. दुकानदार ओळखीचे होते, म्हणून त्यांनी बियाणे उधार दिले. परंतु त्या दिवशी पाऊस पडून गेलेला होता, वाफसा होता, आणि बाबांचा अर्धा दिवस बँकेच्या रांगेत गेला. बाबा मला एक शब्दही बोलले नाहीत. तेव्हापासून माझा नियम आहे की दोनदा नकार आला की थांबायचे आणि बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत कारण पाहायचे. आपल्या शेतीचा पैसा ज्या खात्यात येतो, त्या खात्याचे कार्ड गेमच्या दुकानात कधीही भरू नका. वेगळे खाते काढून त्यात हजार-दोन हजार रुपयेच ठेवावेत.

नकार आला आणि तरीही पैसे कापले गेले, तर घाबरून पुन्हा खरेदी करू नका. व्यवहार देशातल्या देशात असेल आणि दुकानाला पैसे मिळाल्याची खूण पोहोचली नसेल, तर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत आली पाहिजे आणि त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळाली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९ चा आदेश आहे. परदेशी दुकानाला तो लागू नाही. तिथे अडकलेली रक्कम परत यायला वेळ लागू शकतो, आणि न आल्यास बँकेत लेखी तक्रार करून पोच घ्यावी. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. मात्र इंटरनेटवर शोधून सापडलेल्या ‘ग्राहक सेवा’ क्रमांकावर कृपया फोन करू नका. तिथला माणूस स्क्रीन दाखवणारे ॲप उतरवायला सांगतो आणि पुढच्या दहा मिनिटांत खाते रिकामे होते. तसे काही घडलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा आणि बँकेलाही कळवा. पहिल्या तीन कामकाजी दिवसांत कळवण्याला नियमातही मोठे महत्त्व आहे.

हाच प्रश्न जुन्या यंत्रांबाबत विचारणाऱ्यांसाठी थोडे लिहितो. प्लेस्टेशन व्हिटावरील दुकानाने २७ ऑक्टोबर २०२१ पासून कार्ड घेणे बंद केले आहे. त्यावर कोणतेही कार्ड चालणार नाही. पैसे आधी संकेतस्थळावरून खात्याच्या पाकिटात भरावे लागतात. निन्टेन्डो थ्रीडीएसचे दुकान तर २७ मार्च २०२३ रोजी बंदच झाले, त्यामुळे त्यासाठी कार्डाचा खटाटोप करू नये. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किंमत दिसते आणि यूपीआयही चालते, म्हणून स्टीम चालवणाऱ्या हातातल्या यंत्रावर ही परदेशी अडचण जवळजवळ उरत नाही.

स्विचसाठी माझे मत असे की, कार्डाच्या मागे फार न लागता गेमची छोटी चिप असलेली डबी विकत घ्यावी. स्विचच्या चिपांना देशाचे बंधन नाही. नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात कोणी जाणार असेल, तर यूपीआयने पैसे देऊन मागवून घेता येते, आणि भावाचे खेळून झाल्यावर ती विकताही येते. डाउनलोड केलेला गेम असा विकता येत नाही. डाउनलोडच हवा असेल, तर आगाऊ रकमेचा कोड घेता येतो, परंतु तो ज्या देशाचे खाते आहे त्याच देशाचा असला पाहिजे. अमेरिकेच्या खात्यात युरोपचा कोड चालत नाही. शिवाय खात्यात रक्कम शिल्लक असेपर्यंत खात्याचा देश बदलता येत नाही, म्हणून देशाचा निर्णय आधी करा आणि कोड नंतर घ्या. कोड विकणारा अनोळखी असेल, तर सर्वांत लहान रकमेचा घेऊन पाहावा.

आणखी एक काम आजच करा. दुकानदाराने उघडून दिलेल्या त्या खात्याचा ईमेल आणि पासवर्ड त्याच्याकडेही असणार. दोन्ही बदलून घ्या, आणि तो ईमेल तुमच्या नावावर होत नसेल, तर त्या खात्यात एक रुपयाही भरू नका. सोमवारी शाखेत जाल, तेव्हा आधारकार्ड आणि पासबुक सोबत ठेवा, मोबाइल क्रमांक तपासून घ्या, आणि कार्डाला परदेशी वापराची सोय आहे काय, एवढे विचारा. उत्तर ‘नाही’ असे आले, तर कार्ड कपाटात ठेवून द्या आणि डबीचे सांगितले तसे करा.