वाचक विचारतात : कार्टूनपट चालेल की नाही?

प्रश्न : मुलांसाठीचा एक मराठी अॅनिमेशनपट मे महिन्यात नाशिकपुरता वितरणाला घ्यायचा विचार आहे. ट्रेलरला यूट्यूबवर व्ह्यूज भरपूर आहेत. धंद्याचा अंदाज कसा बांधावा? जाहिरातीवर एक लाख घालावेत का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : व्ह्यूज विसरा. पोरं एकच तुकडा वीसदा बघतात, तिकीट मात्र आईबाप काढतात.

शुक्रवारच्या गल्ल्यावरही जाऊ नका. 'महावतार नरसिंह' (जुलै २०२५) पहिल्या दिवशी देशभरात पावणेदोन कोटींच्या आसपास अडकला होता. रविवारी नऊ कोटींच्या वर गेला आणि शेवटी दोनशे कोटी ओलांडले. अमेरिकेत 'एलिमेंटल'ने (२०२३) पहिल्या वीकेंडच्या पाचपट कमाई केली, 'लाइटइयर'ने (२०२२) मात्र जेमतेम सव्वादोनपट. म्हणून अंदाज दोन करा : एक सव्वादोनपटीचा, एक पाचपटीचा. कर्ज काढायचं तर पहिल्याच्याच भरवशावर.

आता आकडे मांडू. समजा तीन स्क्रीन, रोज दोन-दोन शो, २०० खुर्च्या. म्हणजे दिवसाला १,२०० जागा. शुक्रवारी १५ टक्के भरल्या, शनिवारी ३०, रविवारी ४५, तर १,०८० तिकिटं. दर १५० धरला तर १.६२ लाख. शंभरावरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी. तो वजा जाता १.३७ लाख नेट. मल्टिप्लेक्सकडून वितरकाला मिळणारा रूढ वाटा पहिल्या आठवड्यात निम्मा, म्हणजे हाती ६८ हजार. पुढे हा वाटा ४२.५, ३७.५, मग ३० टक्क्यांवर घसरतो, म्हणून पाचपट गल्ला म्हणजे पाचपट पैसे नव्हेत. सव्वादोनपटीत सगळे मिळून दीड लाखही हाती पडत नाहीत, त्यात एक लाख जाहिरातीला? साठ हजारांच्या वर जाऊ नका.

त्यातले निम्मे दुसऱ्या शनिवार-रविवारसाठी राखून ठेवा. बहुतेक जण इथेच चुकतात, सगळं फ्लेक्सवर उडवून मोकळे होतात. मे महिन्यात शाळा बंद, मुलं मामाच्या गावाला. त्यामुळे सवलतीची कुपनं एप्रिलच्या मध्यालाच बालवाड्या आणि चित्रकलेच्या क्लासमधून वाटा. पोस्टर छापण्याआधी थिएटर मॅनेजरकडून सकाळी अकराचा आणि दुपारी चारचा शो पक्का करून घ्या. रात्री दहाचा शो फुकट मिळाला तरी नको, लहान पोरांना घेऊन त्या वेळी कोण येतं? प्रदर्शनाच्या आदल्या गुरुवारी पालकांसाठी एक खेळ ठेवलात तर व्हॉट्सअॅपवरचं काम तेच करतील.

रविवारचा गल्ला शुक्रवारच्या दुपटीलाही पोचला नाही, तर राखलेले पैसे खिशातच ठेवा.