बाहेरच्या माणसाने प्रश्न कसे विचारावेत?

प्रश्न : मी समाजशास्त्रात एमए करते आहे. प्रबंधासाठी 'घरातले निर्णय' या विषयावर मुलाखती घेते. प्रश्न गाईडनी मंजूर केलेत, पण लोक एका वाक्यात उत्तर देऊन मोकळे होतात. मी तिथली नाही, हे त्यांना लगेच कळतं. प्रश्न बदलले तर चालेल का? की हे क्षेत्रच माझं नाही?

उत्तर : क्षेत्र सोडायचा विचार आधी डोक्यातून काढ. प्रश्न चालत नाहीत हे तुझ्या लक्षात आलं, म्हणजे तू नीट ऐकते आहेस. फील्डवर्कमध्ये ते सगळ्यात महत्त्वाचं.

मानववंशशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड १९३० मध्ये दक्षिण सुदानात न्युअर लोकांकडे गेले. साधं कुळाचं नाव विचारलं, तरी "सांगितलं तर त्याचं काय करणार?" असा उलट सवाल यायचा. शेवटी न्युअर ज्यावर भरभरून बोलत, त्या गुरांपासून त्यांनी सुरुवात केली. लग्नात गुरं द्यावी लागत, भरपाईही गुरांतच होई. त्यामुळे नातीगोती आणि भांडणंही त्याच बोलण्यातून उलगडत गेली.

तुझंच बघ. "घरात निर्णय कोण घेतं?" यावर "सगळे मिळून" हेच उत्तर येणार, कारण परक्यासमोर कुणीही घराची बाजू सांभाळूनच बोलतं. त्याऐवजी विचार : "मागची मोठी खरेदी कोणती झाली? विषय आधी कुणी काढला? नको कोण म्हणालं?" घडलेला प्रसंग सांगणं सोपं असतं. 'का' हा शब्द मात्र जपून वापर, तो जाब विचारल्यासारखा वाटतो.

बाहेरची असण्याचा फायदाही आहे. घरच्या माणसाने विचारला तर विचित्र वाटेल असा अगदी प्राथमिक प्रश्न तू सहज विचारू शकतेस.

एक पथ्य पाळ. सर्वेक्षणातले प्रश्न मधेच बदलता येत नाहीत, उत्तरांची तुलनाच होत नाही. तिथे बदल पायलटमध्येच, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणी फेरीतच करायचे. तुझ्यासारख्या खुल्या मुलाखतींत प्रश्न बदलता येतात, पण कोणता, कधी, कशामुळे बदलला हे तारखेसकट वहीत लिही आणि प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात मांड. रोख एखाद्या नाजूक विषयाकडे वळत असेल, तर आधी गाईडशी बोल. गरज पडली तर लोकांची संमतीही नव्याने घे.

पुढे संशोधन संस्था, प्रकल्पांचं मूल्यमापन, कंपन्यांतलं यूजर रिसर्च (वस्तू किंवा सेवा वापरणाऱ्यांचा अभ्यास), सगळीकडे हेच कौशल्य लागतं. तिथे नोकरीच्या मुलाखतीला जाताना ती वही सोबत ने. जुना प्रश्न, नवा प्रश्न आणि दोन्हींना मिळालेली उत्तरं दाखव, अर्थात लोकांची नावं झाकून.